गाडीखालची अकरा फडकी

"थांबा! बोलतेय ती!"

यंत्रबाबांनी हात वर केला आणि आवारात जमलेली साठ-सत्तर माणसं चिडीचूप झाली. इतकी चिडीचूप, की दुसऱ्या मजल्यावर उतू जायला निघालेलं दूधही म्हणे पातेल्याच्या काठावर थबकून खाली डोकावलं. करड्या मोटारीच्या बॉनेटला कान लावून बाबा उभे होते. डोळे मिटलेले, भुवया वर, चेहरा असा की आत कुणीतरी त्यांना आपलं मृत्युपत्र वाचून दाखवतंय.

"माणूस खोटं बोलतो," बाबा हळूहळू म्हणाले, "लोखंड बोलत नाही. लोखंडाला जीभ नसते बाळांनो, म्हणून त्याला पाप लपवता येत नाही. ही गाडी सांगतेय, माझ्या पोटात एका माणसाचा टाहो आहे. आणि तो लाल होऊन टपकतोय. कुठे टपकतोय? मागे? पुढे? नाही! चालवणाऱ्याच्या पायाखाली!"

गर्दी पुढे वाकली. गाडीखाली पांढरं फडकं अंथरलेलं होतं आणि त्यावर, बरोबर चालकाच्या जागेखाली, लालभडक ओला डाग होता. कुणीतरी हात जोडले. मग एकाचं बघून दुसऱ्याने जोडले आणि बघता बघता हात जोडायची साथच आली.

फक्त जिन्याच्या पायरीवर उभ्या असलेल्या म्हातारीचे हात काठीवर होते, आणि ती काठी कुणाच्या पाठीत घालावी याचा ती विचार करत होती.

तिला सगळं आवार रक्तमावशी म्हणे. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत चाळीस वर्षं तिने लोकांचं रक्त काढलं, तपासलं, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या. आवारातल्या निम्म्या माणसांचे चेहरे ती विसरली होती, पण शिरा तोंडपाठ होत्या. अशा बाईला गेले अकरा दिवस लोक रक्ताबद्दल शिकवत होते. तिचं डोकं उठलं होतं ते काही उगाच नाही.

"अहो, एवढा मोठा डाग पडला, मग गोठला का नाही?" तिने पायरीवरूनच विचारलं.

"पापाचं रक्त गोठत नसतं, माय," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

"बघा!" गर्दी म्हणाली.

मावशीने कपाळावर हात मारला. बाबांकडे प्रत्येक कुलपाची किल्ली होती, आणि ती प्रत्येक वेळी तिथल्या तिथे कानस मारून तयार होत होती.

हा गृहस्थ पूर्वी दारोदार पाणी गाळायची यंत्रं विकायचा. एका घरी यंत्र चालेना, तेव्हा त्याने त्यावर हात ठेवून दोन शब्द पुटपुटले आणि तेवढ्यात गेलेली वीज आली. त्या दिवसापासून त्याचे यंत्रबाबा झाले. मग लिफ्टचं दुःख ऐकलं, कपडे धुवायच्या यंत्राला बसलेली नजर काढली, एका फ्रीजला तर क्षमा केली. इथवर मावशीला हसू येत होतं. फ्रीजला क्षमा केल्याने कुणाचं काय बिघडतं?

पण करडी गाडी तिच्या भाच्याची होती.

भाचा म्हणजे सहा फूट उंचीचा, दरवाजातून आत येताना खांदे आवरणारा माणूस. पण काळीज एवढंसं. लहानपणी पान पडलं तरी टुणकन उडायचा, म्हणून मावशीने नाव ठेवलं ससोबा, ते पस्तिशीतही चिकटून होतं. आई गेल्यावर मावशीनेच त्याला वाढवलं. खालच्या मजल्यावर तो आणि त्याची बायको राहत, वर मावशी.

अकरा दिवसांपूर्वी कामावरून येताना शहराबाहेरच्या वळणावर गाडीला खालून दणका बसला. ससोबा उतरला, पुढे पाहिलं, मागे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. घरी आला. थोड्या वेळाने गाडीखाली लाल थेंब दिसले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ते पहिल्यांदा पाहिले आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात "रक्त!" म्हणाल्या. गाडीतलं तेल काळं असतं हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग लाल ते काय असणार?

काकूंनीच रोज संध्याकाळी गाडीखाली पांढरं फडकं अंथरायचं आणि सकाळी उचलायचं व्रत घेतलं. प्रत्येक फडक्याच्या कोपऱ्यात तारीख घालून ते बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात जपून ठेवलं. जमिनीवर पडू द्यायचं नाही म्हणे, रक्त आहे कुणाचं तरी.

तीन दिवसांनी बाबा आले. त्यांनी गाडीला हात लावला आणि सांगितलं, "तीन दिवस हिला किल्ली लावायची नाही. मी हिला शांत करतो." तीन दिवस फडकी कोरी निघाली! चौथ्या दिवशी ससोबा गाडी घेऊन कामावर गेला, आणि संध्याकाळी पुन्हा लाल.

तेव्हा बाबांनी बॉनेटला कान लावून शहराबाहेरचं वळण सांगितलं. दणका सांगितला. कुणालाही न सांगितलेला दणका! ससोबा तिथेच मटकन खाली बसला.

"रविवारी सकाळी," बाबांनी फर्मावलं, "सगळ्यांसमोर कबूल हो आणि इथूनच पोलीस चौकीत चालत जा. गाडी मोकळी होईल. तूही होशील."

आज शनिवार होता.

*

"वाच," मावशी म्हणाली.

ससोबाच्या हातात चार पानं होती. कबुलीजबाब. तो वाचू लागला. वळणावर अंधुक उजेडात एक उंच माणूस, अंगात पांढरा सदरा, हातात पिशवी...

"थांब. पांढरा सदरा? परवा तर म्हणालास, कुणीच दिसलं नाही."

"तेव्हा दिसलं नव्हतं, मावशी. आता आठवतंय. बाबांनी डोळे मिटून पुन्हा त्या वळणावर जायला सांगितलं ना, तेव्हा हळूहळू दिसायला लागलं."

"उद्या म्हणतील त्याच्या डोक्यावर शिंगं होती, तर शिंगंही आठवतील तुला! अरे, मी दोन्ही इस्पितळांत फोन केले. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरी आहेत तिथे. त्या दिवसाचा एकही अपघात नाही, एकही प्रेत नाही. कुणी हरवल्याची तक्रार नाही. मेलेला माणूस कुठाय?"

"बाबा म्हणतात, त्याला शोधणारं कुणी नव्हतं."

"म्हणजे नाही सापडला तर अनाथ, आणि सापडला असता तर चमत्कार! तुझ्या बाबांचं बरंय बाई, छापा आला तरी त्यांचा, काटा आला तरी त्यांचाच."

"मावशी, मला दणका जाणवला होता. इथे, पायाखाली." त्याने पानांची घडी घातली. "मी झोपलो नाहीये गं अकरा दिवस. एकदा बोलून टाकतो. आत टाकू देत."

भिंतीला टेकून उभी असलेली त्याची बायको हमसून रडायला लागली. मावशी तिच्याकडे वळली.

"सूनबाई, एक सांग. बाबांनी कानात वळण ऐकलं, त्याच्या आधी ते तुझ्याशी बोलले होते?"

"घरची माहिती विचारत होते फक्त. चांगला अर्धा तास बसले."

"आणि तू काय सांगितलंस?"

"काही नाही हो मावशी. एवढंच म्हटलं, की हे जेवत नाहीत, आणि झोपेत वळण, दणका असं काहीतरी बड..." ती मधेच थांबली. तोंडावर हात गेला.

"लोखंडाला जीभ नसते," मावशी म्हणाली, "म्हणून तुझी वापरली."

सून चमकली. पण ससोबा मान हलवत राहिला. "ते जाऊ दे. लाल येतंय त्याचं काय? मिस्त्रीलासुद्धा भोक सापडलं नाही. दोनदा नेली गाडी."

मावशीने चपला चढवल्या. भुतावळीशी भांडून उपयोग नसतो. भोक कुठे आहे ते शोधावं लागतं.

*

गिअरबॉक्सवाला मिस्त्री एका उघडलेल्या गाडीखाली आडवा होता. मावशीला त्याच्या फक्त चपला दिसत होत्या. तिने सगळी हकीकत चपलांना सांगितली.

"तेल आहे ते," चपला म्हणाल्या. "सांगितलं होतं मी तुमच्या भाच्याला."

"मग भोक का नाही दाखवलंत?"

मिस्त्री सर्रकन बाहेर आला. त्याचं तोंड रागाने तेलकट होतं की तेलाने रागीट, सांगणं अवघड. "कसं दाखवू, ताई? दोन्ही वेळा गाडी खालून साबणाने घासून आणली! वर गाडीचा नंबर लागेपर्यंत इंजिन गार. का धुतली विचारलं, तर म्हणतो, असली घाण घेऊन तुमच्या दारात यायची लाज वाटली. डॉक्टरकडे जाताना माणूस पुरळ खरवडून जातो का? मी तेल मोजलं, थोडं कमी होतं, भरून दिलं. म्हटलं, चार दिवस चालवून मळकी घेऊन ये. तो आलाच नाही."

मावशीला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. आपलाच ससोबा तो. आजारपणातही डॉक्टर येणार म्हणून आधी अंथरूण झाडायचा.

"पण लाल कसं?"

"इंजिनाचं तेल काळं होतं. ही गाडी स्वतःच गिअर बदलते, तिच्या गिअरबॉक्सचं तेल वेगळं. कारखान्यातच त्यात लाल रंग घालतात. कशाला माहितीय? गळलं तर ओळखू यावं म्हणून!"

"आणि ओळखायचं सोडून आम्ही हात जोडले."

"अजून एक," मिस्त्री म्हणाला, "थेंब पडतो ती जागा खोटं बोलते. गळती नेहमी वर असते आणि पुढे. गाडी चालते तेव्हा वारा थेंबाला मागे ढकलतो. तो पाइपावरून सरकत सरकत भलतीकडेच पडतो. आणि हे असंच सोडू नका. तेल संपत आलं की गाडी गिअर धरत नाही. भर रस्त्यात उभी राहील."

"उद्या सकाळी याल? रविवार आहे."

"साठ माणसांसमोर? मला बोलता येत नाही, ताई."

"बोलायला मी आहे. तुम्ही फक्त आडवे व्हा."

*

रविवारी सकाळी आवार भरलं होतं. बाबा खुर्चीवर, त्यांच्यासमोर ससोबा, हातात चार पानं. फाटकाशी उभी असलेली माणसं चौकीपर्यंत सोबत जायला सज्ज होती. फुकट तमाशा कोण सोडतो?

"वाचू दे त्याला," मावशी म्हणाली, "पण आधी बाबांनी मला एक परवानगी द्यावी. लोखंड खोटं बोलत नाही ना? मग त्यालाच विचारू."

बाबांना नाही म्हणता येईना. वाक्य त्यांचंच होतं.

मावशीने खिडकीच्या कट्ट्यावर दोन पांढऱ्या बशा मांडल्या. एका बशीत गाडीखालच्या फडक्यावरून पिळलेले ताजे लाल थेंब. मग तिने पिशवीतून सुई काढली, चाळीस वर्षांच्या सवयीने स्वतःच्या बोटाला टोचली आणि दुसऱ्या बशीत दोन थेंब पाडले.

"हे माझं. सत्तर वर्षं जुनं आहे, पण अस्सल आहे. काकू, जखम धुवायचं ते फसफसणारं औषध तुमच्या घरात आहे ना? आणा. माझं नको, तुमचंच आणा."

काकूंनी बाटली आणली आणि मावशीने काकूंच्याच हाताने दोन्ही बशांत ओतायला लावली. मावशीचे थेंब सर्र करून पांढऱ्या फेसाने फुगले. दुसऱ्या बशीत काहीच झालं नाही. लाल थेंब नुसते औषधावर तरंगत राहिले, वरणावरच्या फोडणीसारखे.

"हे रक्त नाही," मावशी म्हणाली. "फडकी काढा आता, काकू. सगळी."

डबा उघडला. अकरा फडकी दोरीवर तारखेप्रमाणे वाळत घातली. मावशी काठीने एकेक दाखवू लागली.

"पहिली तीन लाल. मधलं तर केवढं! त्या दिवशी गाडी कुठे होती?"

"माझ्या माहेरी," सून म्हणाली. "जाऊन-येऊन चार तास."

"पुढची तीन कोरी. बाबांनी शांत केली ती. हो ना?"

"हो!" गर्दीने उत्साहाने हुंकार भरला. बाबांनी नम्रपणे डोळे मिटले.

"सातवं लाल. गाडी कामावर गेली. आणि ही आठवं, नववं? कोरी! तेव्हा बाबा इथे होते?"

काकूच पुटपुटल्या, "बाबा तेव्हा परगावी होते. आणि हा तापाने पडला होता."

"म्हणजे बाबा नसतानाही कोरी. दहावं आणि अकरावं लाल, गाडी पुन्हा कामावर गेली. या दोन्ही दिवशी बाबा बॉनेटला कान लावून इथेच होते. काकू, तुम्ही इतकी नीट तारीख घातलीत म्हणून कळतंय हो! गाडी चालली की लाल, उभी राहिली की कोरं. बाबा असोत नसोत."

"गाडी चालली की पाप जागं होतं, माय," बाबा म्हणाले. पण या वेळी डोळे उघडे होते.

"बरं. मग पापाला भोक कुठे आहे ते बघू. मिस्त्री!"

मिस्त्रीने एव्हाना गाडीचं नाक लोखंडी टेकूंवर उचललं होतं, तेल मागे ओघळावं म्हणून. खाली सरकून त्याने कपड्याने सगळं पुसून कोरडं केलं आणि मग, लोकांची तोंडं उघडीच राहिली, आख्खा टाल्कम पावडरचा डबा गाडीच्या पोटावर फुसफुस उडवला. वास असा सुटला, की इमारतीतली सगळी तान्ही बाळं एकदम आंघोळीची वेळ झाली समजून रडू लागली.

"सुरू कर," तो ससोबाला म्हणाला. "ब्रेक दाबून ठेव. गिअरचा दांडा मागे-पुढे, मागे-पुढे. इंजिन चांगलं तापू दे."

वीस मिनिटं गाडी जागच्या जागी गुरगुरली. ससोबाच्या गालावरून घाम की डोळ्यांतलं पाणी ओघळत होतं. इंजिन बंद झालं. मिस्त्रीने खाली आरसा आणि बॅटरी धरली.

"या. एकेक जण."

पहिल्यांदा काकू वाकल्या, मग काठी टेकत मावशी. पांढऱ्याशुभ्र पावडरीवर एकच लाल रेघ होती. चालकाच्या पायाखालून सुरू होऊन ती पुढे, वर, पाइपाच्या अंगाने चढत गेली होती आणि पार पुढे, रेडिएटरजवळ, रबरी नळी जिथे लोखंडी पाइपाला जोडलेली होती त्या कडीपाशी संपत होती. तिथे टाचणीच्या डोक्याएवढा थेंब फुगत होता.

"इंजिन चालू असलं की या पाइपात दाब येतो, म्हणून तेव्हाच पाझरतं," मिस्त्री म्हणाला. साठ माणसांसमोर बोलतोय हे तो विसरला होता. "पाइप धरणारी पट्टी वाकलीय. खालून मार बसलाय. जोड हलला."

"दणका," ससोबा कुजबुजला. "म्हणजे दणका खरा होता."

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "मी काय म्हणत होतो?"

मावशी गाडीजवळ सरकली. इतकं करून पुन्हा मूळ पदावर!

"पट्टीवर काय आहे?" तिने विचारलं. "रक्त, केस, कपड्याचा धागा?"

मिस्त्रीने नखाने खरवडलं आणि तळहात उजेडात धरला. सिमेंटची भुकटी. आणि तिच्यात पिवळ्याधमक रंगाचे दोन पापुद्रे.

*

वळण पायी अर्ध्या तासावर होतं. चौकीपर्यंत जायला आलेली माणसं आता तिकडे निघाली. तमाशा तो तमाशा. वळणावर रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले सिमेंटचे ठोकळे रांगेने मांडलेले होते. एक ठोकळा रांगेतून हातभर बाहेर आला होता. त्याचा वरचा कोपरा फुटला होता, आणि फुटलेल्या जागी रंग उडून मधोमध करडा ओरखडा उमटला होता. मिस्त्रीने हाताची वीत लावली. उंची बरोबर पट्टीएवढी.

ससोबा त्याच्यापुढे उकिडवा बसला. मग त्याने त्या ठोकळ्यावर तळहात ठेवला, झोपलेल्या माणसाला श्वास आहे का बघावं तसा.

"मावशी, पांढरा सदरा मला दिसला होता गं. खरंच दिसला होता."

"माहितीय मला, राजा." तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "घाबरलेल्या माणसाला जे सांगावं ते दिसतं. म्हणूनच तर घाबरवतात."

त्याने चार पानं काढली, फाडली नाहीत, मिस्त्रीला दिली. मिस्त्रीने त्यांनाच हात पुसले. लाल डाग पडला आणि लालच राहिला, रक्तासारखा काळा पडला नाही.

आता तुम्ही म्हणाल, लोकांनी बाबांना हाकलून लावलं असेल. छे! परत येताना मागून बाबांचा आवाज येतच होता, "मी म्हटलंच होतं बाळांनो, गाडी जखमी आहे!" आणि तीन-चार माना डोलल्यासुद्धा. मावशीने काठी इतकी जोरात आपटली, की तिचं रबरी बूच निघून गटारात गेलं. काकू मात्र तिच्याशेजारून चालत होत्या. फाटकाशी आल्यावर हळूच म्हणाल्या, "मावशी, मग या फडक्यांचं काय करू हो?"

"फरशी पुसा," मावशी म्हणाली. "पण एक ठेवा. सगळ्यात लाल असेल ते. पुढच्या वेळी कुणी कशाला कान लावला, की दारात टांगा."

नवी कडी, नवी पट्टी, अर्ध्या दिवसाचं काम. त्यानंतर फडकं कोरं निघालं, गाडी चालूनसुद्धा.

तेव्हा मंडळी, जमिनीवर लाल दिसलं तर हात जरूर वापरा, पण जोडण्याआधी एक बोट त्यात बुडवून बघा. आणि ज्याच्या पायाखाली थेंब पडला, त्याला गुन्हेगार ठरवण्याआधी जरा खाली वाका आणि वर बघा. गळती तिथे असते. गुडघे दुखतील, कपडे मळतील. रक्तमावशी सत्तराव्या वर्षी वाकली. तुम्हाला काय झालंय?